तुंबलेल्या ग्रे टँकच्या नोंदी

२९ एप्रिल २०२३, शनिवार

हिवाळाभर झाकून ठेवलेला ट्रेलर, गाडीमागे ओढून न्यायचं आमचं फिरतं घर, आज उघडला. ट्रेलर २०१४ सालचा, २४ फुटी, गेल्या सप्टेंबरात जुना घेतलेला. मिशिगनच्या थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून भरलेलं गुलाबी अँटिफ्रीझ धुऊन काढलं. सगळ्या नळांना स्वच्छ पाणी आलं आणि कुठे गळती नाही हे बघून मी जरा खूश झाले. तेवढ्यात सिंकमध्ये सोडलेलं पाणी गडगड करत खाली गेलं आणि शेजारच्या शॉवरच्या जाळीतून बुडबुडे आले. म्हणजे ऑक्टोबरातलं दुखणं तसंच आहे.

ऑक्टोबरात काय झालं होतं ते लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. डंप स्टेशनवर, म्हणजे ट्रेलरचं सांडपाणी सोडायच्या जागी, मागे सहा गाड्यांची रांग होती. ब्लॅक टँक, म्हणजे संडासाचा, दोन मिनिटांत रिकामा झाला. ग्रे टँकचं, म्हणजे सिंक आणि शॉवरचं सांडपाणी मात्र करंगळीएवढ्या धारेने येत राहिलं. दहा मिनिटांनी मागच्या माणसाने हॉर्न वाजवला नाही, नुसता गाडीतून उतरून हाताची घडी घालून उभा राहिला. मी व्हॉल्व्हचा दांडा ढकलून तो बंद केला आणि निघालो. टँक अर्धाअधिक भरलेलाच होता. दुसऱ्या दिवशी रात्री भांडी घासताना तो काठोकाठ भरला आणि आमटीचं पाणी शॉवरमधून वर आलं. वर कढीपत्त्याचं एक पान तरंगत होतं. शॉवरची जाळी सगळ्यात खालच्या पातळीला असते, त्यामुळे टँक भरला की पहिली वर्दी तिथेच मिळते. घरी आल्यावर तासभर खपून टँक रिकामा केला आणि विषय वसंत ऋतूवर ढकलला.

मुदत: २६ मे. मेमोरियल डेच्या सुट्टीत लडिंग्टन स्टेट पार्कचं बुकिंग आहे आणि तोवर पुण्याहून आईबाबा आलेले असतील. सहा माणसं, एक शॉवर.

२ मे, मंगळवार

भिंतीवरच्या पॅनलचं बटण दाबलं तर ग्रे टँक दोन तृतीयांश भरलेला दाखवतो. खाली जाऊन सांडपाण्याच्या पाइपाचं टोपण काढलं आणि व्हॉल्व्ह उघडला: पेलाभर पाणी आलं, बस. पॅनलवर विश्वास ठेवायचा नाही हे ठरलं. टँकच्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर धातूच्या खुंट्या बसवलेल्या असतात, पाणी लागलं की विजेचं मंडल पुरं होतं. खुंटीवर तेलकट थर बसला की पाणी नसतानाही तो थर ओला राहून वीज वाहून नेतो. आमच्याकडे थर कशाचा असणार हे सांगायला तज्ज्ञ नको.

एक गोष्ट मात्र टिपून ठेवते. ते पेलाभर पाणी टोपण काढल्याकाढल्या आलं, व्हॉल्व्ह उघडायच्या आधी. म्हणजे व्हॉल्व्ह नीट बंदही होत नाहीये.

६ मे, शनिवार

बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. ते ३४ वर्षं पिंपरीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पाणसळ लावलीस का?"

नव्हती लावली. लावली. ट्रेलरचं नाक दोन बोटं खाली होतं आणि आमच्या ग्रे टँकचं तोंड मागच्या बाजूला आहे. उतारच उलटा. जॅक फिरवून नाक वर घेतलं, मागे किंचित उतार ठेवला. प्रश्न इथेच सुटेल अशी मला फार आशा होती.

"आता किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघ. 'हळू जातं' म्हणजे किती हळू?"

टँकवर लिहिलंय ३८ गॅलन, म्हणजे साधारण १४४ लीटर. स्वच्छ पाण्याने भरला आणि घरच्या सांडपाण्याच्या क्लीनआउटला, म्हणजे पाइप साफ करायच्या तोंडाला, होज जोडून सोडला. (आमच्या गावात हे चालतं का ते आधी फोन करून विचारलं. सगळीकडे चालत नाही. नुसतं गवतात सोडून द्यायचा तर विषयच नको.) २३ मिनिटं.

मग कागदावर हिशोब मांडला. पूर्ण भरल्यावर पाण्याची उंची साधारण २० सेंटिमीटर, पाइप दीड इंची. तळाच्या भोकातून सुरुवातीला पाणी सेकंदाला दोन मीटरच्या वेगाने सुटायला हवं. भोकाच्या कडेला धार आकसते ते धरलं तर सेकंदाला सव्वा ते दीड लीटर. पातळी उतरत जाते तसा वेग कमी होत जातो, म्हणून एकूण वेळ दुप्पट धरायचा. साडेतीन मिनिटं. पाइपची वळणं आणि होज धरून पाच, फार तर सहा. आमचे २३. म्हणजे दीड इंची भोक असून नसल्यासारखं, त्यातला जेमतेम चौथा हिस्सा कामी येतोय.

७ मे, रविवार

संशयित तीन: हवा, गाळ, व्हॉल्व्ह. हवेपासून सुरुवात केली, कारण तिला काही उघडावं लागत नाही.

बाटली उपडी केली की घळघळ करत, थांबत थांबत रिकामी होते, कारण हवा आत जायला वाट नसते. टँकचंही तेच. त्याला छतावर निघणारा एक पाइप असतो. शिवाय सिंकखाली प्लास्टिकचा एक छोटा एअर व्हॉल्व्ह असतो, आत रबराची झडप. ही झडप हवा फक्त आत घेते, बाहेर सोडत नाही. बाहेर सोडली तर स्वयंपाकघरात वास. त्यामुळे टँक भरताना आतली हवा छतावरूनच निघाली पाहिजे. ती वाट बंद झाली की हवा शॉवरच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वळणातलं, पाणी ढकलून वर येते. परवाचे बुडबुडे ते हेच.

परीक्षा सोपी. एअर व्हॉल्व्ह हाताने फिरवून काढून टाकला, म्हणजे टँकला वरून मोकळी हवा मिळाली. पुन्हा १४४ लीटर भरले, पुन्हा सोडले. २१ मिनिटं ३० सेकंद. दीड मिनिट वाचलं. हवा गुन्हेगार आहे, पण छोटी.

शिडी लावून नवरा छतावर चढला. पाइपवरची टोपी काढली तर आत कुंभारीण माशीचं मातीचं घर, अंगठ्याएवढ्या तीन नळ्या एकीला एक चिकटलेल्या. लेकीला ते एवढं आवडलं की तोडू देईना. रिकामं आहे हे दाखवल्यावर परवानगी मिळाली. पाइपच्या तोंडाला बारीक जाळी लावली. एअर व्हॉल्व्हची झडपही तेलाने चिकटली होती, नवीन बसवला. गडगड बंद, बुडबुडे बंद.

रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं ते लिहिते. हवा अडली असती तर धार थांबून थांबून, उचक्या देत आली असती. आमची धार पहिल्यापासून बारीक पण अखंड आहे. हे ऑक्टोबरातच डोळ्यांसमोर होतं.

१० मे, बुधवार

बर्फाचा प्रयोग. टँकमध्ये बर्फाचे खडे आणि साबण टाकून ट्रेलर फिरवून आणायचा, खडे आपटून टँक घासून निघतो, असं जो तो सांगतो. दोन पिशव्या बर्फ शॉवरच्या भोकातून एकेक खडा करून टाकायला अर्धा तास लागला. अर्ध्या तासाची फेरी मारून आलो. खडे टँकला आपटतात की नुसते गारेगार पोहतात, देव जाणे. बाहेर आलं ते गार साबणाचं पाणी. पुन्हा करणार नाही.

१३ मे, शनिवार

गाळाची पाळी. काल रात्री गरम पाणी आणि भांड्यांचा साबण टाकून टँक अर्धा भरून ठेवला होता. गरम म्हणजे हाताला सोसेल इतपत. उकळतं ओतायचं नाही, पाइप प्लास्टिकचे आहेत. सकाळी सोडला. पाणी चहासारखं आलं, आणि वर तरंगणारे साबणाच्या वडीसारखे पांढरट तुकडे. तूप, साय, तेल आणि साबण यांचं मिळून जे होतं ते. मग दोनदा साधं पाणी. तिसऱ्यांदा स्वच्छ आलं.

वेळ: २० मिनिटं ५० सेकंद.

मी पायरीवर बसून राहिले. नवऱ्याने गॅरेजमधून पाइपात घालायचा कॅमेरा आणला, तीन वर्षांपूर्वी भिंतीतला उंदीर शोधायला घेतलेला. मोबाइलला जोडतात, टोकाला दिवा असतो. टँक रिकामा करून, ग्रेचा दांडा पुरता बाहेर ओढून, त्याने कॅमेरा बाहेरच्या तोंडातून आत सरकवला. तीन इंची पाइप, मग दीड इंचीचा फाटा, एक वळण, आणि समोर व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्हचं पातं बाजूला सरकून पूर्ण गोल दिसायला हवा होता. दिसली ती चंद्रकोर. पातं जेमतेम आठ मिलिमीटर सरकलेलं, बाकी सगळं भोक त्याच्या आड.

"दांडा आत ढकल," नवरा म्हणाला. ढकलला. चंद्रकोर बारीक झाली. ओढला. पुन्हा तेवढीच. माझ्या हातात दोन इंच हालचाल, आणि तिकडे पातं पाव इंच हलतंय. दीड इंची गोलात आठ मिलिमीटरची कोर म्हणजे क्षेत्रफळ बरोबर चौथाईच्या आसपास. सहा तारखेच्या कागदावरचा आकडा समोर दिसत होता आणि मी मधला आठवडा टँकला आंघोळ घालण्यात घालवला.

१४ मे, रविवार

आज इथला मदर्स डे. माझा ट्रेलरखाली गेला.

चाकांच्या दोन्ही बाजूंना ठोकळे, जॅकखेरीज चार कोपऱ्यांवर आधार, मगच खाली शिरले. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही, हे बाबांनी फोनवर दोनदा बजावलं. ट्रेलरच्या पोटाखाली थंडीपासून बचाव म्हणून काळी पन्हळी प्लास्टिकची शीट असते, पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी. स्क्रू काढून ती सगळी उतरवणं दोघांचं काम नव्हतं. कॅमेऱ्याच्या तारेवर टेपने खूण करून ठेवली होती, त्या अंतरावर कटरने तीन बाजू कापून झडप केली. आतलं इन्सुलेशन ओलं, कुबट वासाचं.

दांडा ते व्हॉल्व्ह अंतर सरळ नाही. मध्ये चासीचा लोखंडी पट्टा येतो म्हणून तार टाकलेली असते, सायकलच्या ब्रेकला असते तशी: बाहेरून आवरण, आत तार. आवरण दोन्ही टोकांना घट्ट धरलेलं असलं तरच आतली तार सरकते. आमच्याकडे व्हॉल्व्हच्या बाजूची क्लिप तुटलेली. त्यात तार चासीवरून जवळजवळ काटकोनात वळवलेली, आणि वळणावर आवरण दबून चपटं झालेलं. दांडा ओढला की आधी सगळं आवरणच पुढे सरकायचं, वळणातली ढिलाई संपायची आणि शेवटच्या पाव इंचात पातं हलायचं. आठ वर्षांत आधीच्या मालकाला हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. विकताना कोण सांगतं!

व्हॉल्व्ह चार बोल्टवर असतो. सात सोळांश इंचाचा पाना. टँक रिकामा आहे अशा समजुतीत मी चौथा बोल्ट काढला. रिकामा टँकही पूर्ण रिकामा नसतो. डाव्या बाहीतून आत शिरलेलं पाणी काखेपर्यंत गेलं. वरून नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी काहीच बोलले नाही, तर तोही पुन्हा बोलला नाही.

पातं बाहेर काढून बादलीत धुतलं. ज्या खाचेत पात्याची कड बसते ती खाच तेलकट काळ्या लगद्याने गच्च. काडीने उकरलं. पहिल्यांदा चहाची पावडर. मग मोहरी. एक, दोन, चार, पुढे मोजणं सोडलं. फोडणीत तडतडून फुटलेली नाही, न फुटलेली, टणक. खाचेच्या कोपऱ्यात ओळीने बसलेली, जणू कुणी मुद्दाम भरली आहे. टोपण काढल्यावर येणाऱ्या पेलाभर पाण्याचा उलगडा झाला: मोहरी अडसर होऊन बसलेली, पातं पुरतं मिटायचंच नाही. उघडत नव्हतं ते कारखान्याच्या चुकीने, मिटत नव्हतं ते आमच्या फोडणीने. तीन दाणे कागदात पुडी बांधून ठेवलेत, आईला दाखवायला.

१८ मे, गुरुवार

सामान आलं. नवा दीड इंची व्हॉल्व्ह, दोन सील, जुनीपेक्षा दोन फूट लांब तार. लांब एवढ्यासाठी की चासीवरून काटकोनात न वळवता मोठा वळसा देता येईल. शिवाय बाहेरच्या तोंडाला फिरवून बसवायचा तीन इंची जादा व्हॉल्व्ह. आतला गळला तरी टोपण काढताना बुटांवर काही येणार नाही. सगळं मिळून नव्वद डॉलरच्या आत. तार काढून विजेवर चालणारा व्हॉल्व्ह बसवायचा विचार होता, पण जे बिघडलं तर अंधारात हाताने ओढता येत नाही ते मला पोटाखाली नको.

२० मे, शनिवार

आईबाबा काल रात्री आले. पहाटे चारला खिडकीतून बघते तर ट्रेलरखाली विजेरीचा उजेड. बाबांना झोप नव्हती. मफलर गुंडाळून, गुडघ्याखाली पायपुसणं घेऊन तपासणी चालू.

"बाबा, अहो, गार किती आहे! आत या."

"क्लिप प्लास्टिकची का दिली यांनी?" एवढंच म्हणाले.

नाश्ता झाल्यावर बसवायला घेतलं. नवी क्लिप आलेली प्लास्टिकचीच, बाबांनी ती बाजूला ठेवली आणि जुन्या होजचा लोखंडी क्लँप आवळला. तारेला मोठा वळसा दिला, चासीची कड लागते तिथे रबराची नळी चिरून चढवली. सील, पातं, सील, चार बोल्ट. पाणी भरलं. सांध्यातून टपटप.

उघडलं, पुन्हा बसवलं. पुन्हा टपटप. मी बोल्ट अजून आवळायला लागले तर बाबांनी पाना काढून घेतला. "आवळून गळती थांबते असं वाटतं ना, प्लास्टिक चिरलं की कायमची गळती." त्यांनी सील बोटांत धरून उजेडाकडे फिरवलं. एका बाजूला बारीक ओठ आहे, तो पाइपच्या कडेत बसायला हवा. मी एक सील उलटं लावलं होतं, आणि दुसऱ्यांदाही तेच उलटं. सुलटं लावलं, थोडं ग्रीस, बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून, हाताला घट्ट लागतील इतपत. कोरडं.

१४४ लीटर. बाबांच्या मनगटी घड्याळावर ५ मिनिटं ४० सेकंद. होजमधून पाणी जाताना आवाज ऐकू येत होता. पहिल्यांदाच.

२१ मे, रविवार

मोहरीची पुडी आईला दाखवली. ती म्हणाली, "घरी मोरीला जाळी असते. तुमच्या या गाडीत नाही का?" नव्हती. आता आहे, चहाच्या गाळण्याहून बारीक, स्टीलची. चहाचा चोथा कचऱ्यात. कढई आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. भाताची पेज सिंकमध्ये नाही. हे सगळं आईने एका वाक्यात सांगितलं आणि मोहरी परत पुडीत बांधून डब्यात टाकली. टाकून देते म्हणाली होती.

पॅनल अजूनही रिकामा टँक एक तृतीयांश भरलेला सांगतो. दोन तृतीयांशवरून उतरलाय, तेवढं पुरे.

कापलेली शीट टेपने बंद केली.

२९ मे, सोमवार

लडिंग्टन. इथे कॅम्पिंगच्या जागेवर वीज मिळते, सांडपाण्याची जोडणी नाही, म्हणून निघताना डंप स्टेशन चुकत नाही. तीन दिवस सहा माणसांनी शॉवर जपून वापरला. आई बादली मागत होती, शेवटी एक आणली, आणि खरं सांगायचं तर बादलीने निम्मंच पाणी लागतं. काल सगळे बिग सेबल पॉइंटच्या दीपगृहापर्यंत चालत गेलो, १८६७ सालचं, काळं-पांढरं. बाबांचं लक्ष दीपगृहापेक्षा त्यावर मारलेल्या लोखंडी पत्र्यांच्या सांध्यांकडे होतं.

आज सकाळी डंपची रांग लांबच लांब, आमच्या मागे नऊ. हातमोजे, होज, आधी ब्लॅक. तो रिकामा झाल्यावर ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुऊन निघतो. सुरुवातीला जादा व्हॉल्व्ह उघडताना होजच्या पारदर्शक वळणात बघितलं होतं, आतून गळून जमलेलं काही आलं नाही. दांडा ओढला. बाबा घड्याळ धरून उभे, आई खिडकीतून विचारतेय झालं का. सहा मिनिटं पाच सेकंद. घरी मोजलेल्यापेक्षा वीस-पंचवीस सेकंद जास्त, पण इथला ओटा जरा उलट्या उताराचा आहे, बाबांनी पाणसळ बरोबर आणली होती.

घरी येताना हायवेवर मागून फडफड ऐकू आली. पोटाखालच्या झडपेची टेप एका बाजूने सुटलीय. पुढच्या शनिवारी टेप काढून स्क्रू आणि पट्टी.